‘तेलभक्षक जीवाणू’ : एका संज्ञेची चिकित्सा

जुन्या तेलविहिरींतून अधिक तेल मिळविण्यासाठी जीवाणूंचा उपयोग करण्याच्या पद्धतीविषयी जे लेखन होते, त्यात ‘तेलभक्षक’ अथवा ‘तेलविघटक जीवाणू’ ही संज्ञा वारंवार आढळते. हीच संज्ञा समुद्रावर सांडलेले तेल नाहीसे करणाऱ्या जीवाणूंसही लावली जाते. वस्तुतः ही दोन कार्ये परस्परविरोधी आहेत. दुसऱ्यात तेलाचा नाश हेच इष्ट फल. पहिल्यात तेल नष्ट झाले तर कार्याचा हेतूच बुडाला. दोन विरुद्ध कार्यांना एकच नाव मिळाल्याने विचारात कोणता घोटाळा होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाकडे पाहावे. ‘तेलाचा भक्षक’ असा विग्रह केला असता जीवाणू हा कर्ता व तेल हे कर्म ठरते. मराठीत ‘खाणे’ या क्रियेचे कर्म सामान्यतः क्षय पावते : वाळवी लाकूड खाते, गंज लोखंड खातो, व्याज मुद्दल खाते. ‘मार खाणे’, ‘बोलणी खाणे’ हे रूढ वाक्प्रचार अपवाद होत. त्यांत भोगण्याचा अर्थ आहे व तो येथे लागू पडत नाही. तेव्हा ‘तेलभक्षक’ म्हणताच तेल घटले हा अर्थ आपोआप येतो.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया पाहू. विहिरीतील नैसर्गिक दाब संपल्यावर पाणी सोडून तेल पुढे ढकलतात. तथापि एवढ्यानेही मूळ साठ्याचा बराच मोठा भाग सच्छिद्र खडकातच अडकून राहतो. तो सोडविण्यास जीवाणूंचे साहाय्य घ्यावे, अशी सूचना बेकमन यांनी १९२६ साली केली. पुढे १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत क्लॉड झोबेल यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. तेल का सुटते याची जी कारणे त्यांनी मांडली, त्यांत आम्लामुळे चुनखडी विरघळणे, वायूची निर्मिती होणे आणि पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये तयार होणे यांचा समावेश होता. या तिन्हींत तेल खाल्ले जात नाही. जीवाणूच्या उत्सर्जित द्रव्यांनी ते मोकळे होते. कारकांच्या भाषेत सांगावयाचे तर खडक हे अपादान, उत्सर्जित द्रव्य हे करण आणि तेलाला पुढे लोटणारे पाणी हाच बहुतेक वेळा खरा कर्ता. पाण्याच्या सोप्या वाटा बुजविण्यासाठी जेव्हा जीवाणूंची वाढ करवितात, तेव्हा तर त्यांचा तेलाशी प्रत्यक्ष संबंधही आवश्यक नसतो.

१९५४ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात लिस्बन येथे जो क्षेत्रीय प्रयोग झाला, तो या दृष्टीने मननीय आहे. तेथे क्लॉस्ट्रिडियम प्रजातीतील जीवाणू जमिनीत सोडण्यात आले आणि त्यांना अन्न म्हणून मळी पुरविण्यात आली. हे जीवाणू शर्करा आंबवून वायू, आम्ले व विद्रावके निर्माण करतात. ज्या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो, त्यातील जीवाणू अशा रीतीने मळीवर जगणारा होता.

भक्षणाच्या कल्पनेस गणितही प्रतिकूल आहे. एक किलो हायड्रोकार्बनचे पूर्ण ज्वलन वा विघटन होण्यास सुमारे ३.४ किलो प्राणवायू लागतो. पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला मानला, तर हा पुरवठा करण्यास चार लाख लिटरांहून अधिक पाणी हवे. प्राणवायूवाचूनही विघटन होते, परंतु त्याची गती भूशास्त्रीय कालमानाची आहे. त्याचे फळही उत्साह वाढविणारे नाही. जीवाणू प्रथम सरळ साखळीची हलकी संयुगे संपवितात व जड, चिकट भाग मागे ठेवतात. कॅनडातील आल्बर्टा प्रांताचे डांबरासारखे तेल हा अशा विघटनाचाच परिणाम होय. म्हणजे निसर्गात हे ‘भक्षण’ जेथे खरोखर घडले, तेथे तेल काढणे अधिक दुष्कर झाले.

यावर असा आक्षेप येईल की, नॉर्वेच्या नॉर्न तेलक्षेत्रात पाण्याबरोबर प्राणवायू सोडून तेलावरच जीवाणू वाढविण्याची पद्धत अवलंबिली गेली. आक्षेप ग्राह्य आहे. मात्र तेथेही तेलाचा जो अल्पांश खर्ची पडतो तो मोबदला होय, फल नव्हे. उलटपक्षी, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशालेय अभ्यासात क्लॉस्ट्रिडियमच्याच एका वाणाने ९६ अंश सेल्सिअस तापमानात पृष्ठताण कमी करणारे द्रव्य निर्माण करून अडकलेले तेल सोडविले. निसर्गातील साठ्यांत तेलाचे विघटन सुमारे ८० अंशांच्या वर थांबलेले आढळते. विघटन जेथे थांबते त्याहून अधिक उष्णतेत विमोचन घडू शकते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हा वाद केवळ शब्दांचा नाही. नावावर विसंबून संशोधक जेव्हा तेल हेच एकमेव अन्न ठेवून जीवाणूंची निवड करतो, तेव्हा तो सर्वांत अधिक तेल नष्ट करणारा वाण निवडतो. लिस्बनचा जीवाणू त्या परीक्षेत पहिल्याच फेरीत बाद झाला असता. चंचुपात्रात घटलेले तेल हे यशाचे माप मानले जाते, आणि विहिरीत मात्र वाढलेले तेल मोजावयाचे असते.

यास्तव ‘तेलविघटक’ ही संज्ञा तेलगळतीच्या निर्मूलनापुरती राखून ठेवावी व प्रस्तुत पद्धतीस ‘तेलविमोचक’ ही संज्ञा योजावी. तीही सिद्धतेनंतरच द्यावी. जीवाणू सोडल्यावर उत्पादन वाढले एवढ्याने विमोचन सिद्ध होत नाही. जीवाणू न सोडता केवळ मळी वा पाणी दिलेल्या शेजारच्या विहिरीशी आणि त्याच विहिरीच्या पूर्वीच्या घटत्या उत्पादनाशी तुलना झाली पाहिजे. ती तुलना नसलेल्या निबंधात कोणतेही विशेषण न लावता केवळ ‘जीवाणू’ म्हणणे हेच अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.