पकड घेतानाचे फेरे

जुन्या मिनी-बाइकच्या क्लचमध्ये बघण्यासारखे काय असते, असे विचारणाऱ्याच्या हातात मी आधी तो क्लच देतो. दाबून घडवलेली पोलादी वाटी म्हणजे ड्रम, त्याच्या पाठीला दहा-बारा दातांचे स्प्रॉकेट, मधोमध पाऊण इंची किंवा त्याहून थोडे लहान भोक आणि भोकात चावीची खाच. मधला हब एका हाताने धरला की दुसऱ्या हाताने ड्रम मोकळा फिरतो. इंजिन मंद गतीवर धडधडत असताना नेमके हेच घडते: दांडा फिरतो, ड्रम उभा राहतो, चेन ढिली आणि चाक जागच्या जागी. स्वस्थ बसलेला क्लच कशालाच कशाशी जोडत नाही. जोडणी येते ती केवळ वेगातून, आणि ती कधी यायची हे ठरवायला बाहेरून कोणी लागत नाही.

अशी वस्तू जन्माला येण्यामागे गरज होती. 1956 साली कॅलिफोर्नियात, ग्लेंडेलच्या कर्टिस क्राफ्ट या रेसगाड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्सने लू बोरेलीच्या साथीने पहिली गो-कार्ट जोडली. तिच्यावर वेस्ट बेंडचे गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन होते. 1959 मध्ये करवती बनवणाऱ्या मॅककलकने एमसी-10 हे खास कार्टसाठीचे इंजिन आणले. पुढच्या दशकात मिनी-बाइकची लाट आली, तिच्यावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा टेकमसेची छोटी इंजिने. ही इंजिने पंप, जनित्र, लॉनमोअर यांच्यासाठी घडलेली. त्यांना गिअरबॉक्स नाही, आणि गव्हर्नर त्यांना मिनिटाला साधारण 3600 फेऱ्यांवर रोखून धरणारा. चालवणारा बहुधा दहा-बारा वर्षांचा पोरगा, ज्याला फक्त अ‍ॅक्सिलरेटर पिळता येतो. डाव्या हाताने क्लच दाबून हळूहळू सोडण्याचे कसब मोठ्या माणसालाही सरावाने येते. ते सगळे कसब ओहायोतल्या कॅन्टनच्या मर्क्युरीने, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या हिलियर्डने आणि इतरांनी या वाटीत भरून दिले.

ते कसब कुठे आहे हे कळण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो, आणि माझ्या मते या वस्तूचे सौंदर्य त्या हिशेबातच आहे. हबभोवती वजनदार शू असतात, त्यांना स्प्रिंगा आत ओढून धरतात. दांडा फिरू लागला की शू बाहेर जाऊ पाहतात, आणि ही बाहेरची ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा स्प्रिंगांचा आणि शूंचा जोर 1800 फेऱ्यांवर बरोबरीत येतो. त्या क्षणी शू ड्रमला नुसते टेकतात, पकड शून्य. फेरे दहा टक्क्यांनी वाढले की बाहेरची ओढ एकवीस टक्क्यांनी वाढते, आणि स्प्रिंगांना पुरून उरलेली तेवढीच पकड म्हणून ड्रमला मिळते. 3600 वर ओढ चौपट झालेली असते. त्यातला एक भाग स्प्रिंगांत खर्ची पडतो, तीन भाग ड्रमवर. सुरुवात मऊ आणि शेवट घट्ट, हा गुण कोणी वेगळा बसवलेला नाही. तो वर्गाच्या नियमातूनच येतो. वजन, त्रिज्या आणि स्प्रिंग एवढेच तीन धागे कारागिराच्या हाती असतात.

म्हणून जास्त कडक स्प्रिंग घातली की क्लच जोरकस होतो ही समजूत मला पटत नाही. तीच 1800 ची स्प्रिंग काढून 2500 ला पकड घेणारी घातली, तर 3600 वर उरणारा जोर तीन भागांवरून जेमतेम दोन भागांवर येतो. सुटताना गाडी उसळते खरी, कारण इंजिन त्या वेळी अधिक ताकदीच्या टप्प्यात असते, पण वरची मूठ सैल पडते. शर्यतीच्या कार्टवाल्यांना हा सौदा परवडतो. ताशी वीस-पंचवीस मैलांच्या मिनी-बाइकला नाही.

क्लच चांगला की सुमार हे मी आधी कानाने ओळखतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनाचा सूर चढतो आणि एका ठिकाणी येऊन थबकतो. गाडी मात्र वेग घेत असते. ड्रमचे फेरे दांड्याच्या फेऱ्यांना गाठेपर्यंत तो सूर तसाच धरलेला राहतो. गाठ पडली की दोघे मिळून वर चढतात. उत्तम क्लचमध्ये हा थबका स्वच्छ असतो, कुठे थरथर नाही. एक स्प्रिंग दमलेली असेल तर तिचा शू इतरांआधी टेकतो आणि त्या धरलेल्या सुरात खरखर येते. लुना चालवलेल्या माणसाला हा अनुभव परका नाही. 1972 पासून रस्त्यावर आलेल्या त्या पन्नास सीसीच्या गाडीतही असाच केंद्रोत्सारी क्लच होता, आणि ती निघताना आधी इंजिन गुरगुरायचे, मग गाडी हलायची.

डोळ्यांनी वाचायचे ते ड्रमच्या आत. सगळीकडे सारखी करडी, मंद चमक असेल तर त्या क्लचने शहाण्या हातात दिवस काढले. निळसर पट्टे दिसले तर पोलाद तिथे तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापले होते. पिवळसर छटा थोड्या कमी उष्णतेची. म्हणजे मोठा माणूस बसला असेल, चढ असेल, किंवा मागचे स्प्रॉकेट चुकीचे निवडल्याने क्लचला कधी पुरते जुळताच आले नसेल. चरे पडलेले असतील तर शूवरचे लायनर संपल्यावरही कोणीतरी गाडी हाकली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असतील तर चेन ताणलेली होती.

सर्वांत बोलका असतो तो ड्रमच्या भोकातला बुश, आणि त्याच्याकडे बघणारे थोडे. तो बहुधा सच्छिद्र काशाचा असतो. तेल त्याच्या अंगातच मुरलेले, तापला की पाझरणारे आणि निवला की पुन्हा आत शोषले जाणारे. आता गंमत अशी की गाडी भरधाव असताना या बुशला काहीच घर्षण नसते, कारण तेव्हा ड्रम आणि दांडा एकत्र फिरतात. तो झिजतो गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवल्याने, किंवा क्लच घसरत असताना. बुश खाल्लेला आणि ड्रम मात्र निर्मळ असा क्लच माझ्याकडे आहे. धावण्यापेक्षा गप्पा मारत उभे राहण्यात त्याचे आयुष्य गेले, असे मी त्यावरून वाचतो, आणि त्याचा बुश बदलायला माझा हात धजत नाही.

संग्राहकांच्या कपाटात पट्ट्याचा चालक, ज्याला अमेरिकेत टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, तोही असतोच. फॉस्टर सॅल्सबरीने 1930 च्या दशकाच्या शेवटी आपल्या मोटर ग्लाइड स्कूटरमध्ये अशी आपोआप गुणोत्तर बदलणारी रचना आणली होती. पुढे कार्ट आणि मिनी-बाइकसाठी इंडियानातल्या रिचमंडच्या कॉमेटची मॉडेल्स गाजली. त्यातल्या 30 सिरीजचा पट्टा बघावा: एक गाल सपाट, एक तिरका. ओहायोतल्या मॅन्सफिल्डच्या रपने तर आपल्या मिनी-बाइकसाठी स्वतःचा टीसी-1 बनवला. त्या कंपनीचा मिकी रप हा 1965 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत सहावा आला होता. आपल्याकडे 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली तेव्हा पट्ट्याच्या याच तत्त्वाने पुणेकरांच्या डाव्या हाताला मोकळे केले. हे चालक हुशार आहेत, डोंगर चढतात, पण माझा जीव साध्या ड्रमवर जडला आहे. पट्ट्याच्या चालकात पुलींचे गाल जवळ-दूर होताना दिसतात. ड्रमच्या क्लचमध्ये सगळे झाकलेले, आणि तरी प्रत्येक फेऱ्याचा हिशेब चोख.

युरोपातल्या 100 सीसी कार्टना तर कैक वर्षे क्लचच नसे. ढकलत पळायचे, उडी मारून बसायचे, आणि गाडी गर्रकन फिरली की इंजिन बंद. 1997 मध्ये रोटॅक्स मॅक्स हे इंजिन केंद्रोत्सारी क्लच आणि बटनस्टार्ट घेऊन आले तेव्हा तिकडच्या अनेकांची ही धावपळ संपली. क्लचचे मोल त्याच्या अभावात असे लख्ख कळते.

जुने क्लच घेणाऱ्यांपैकी बरेच जण ते बफिंग करून आरशासारखे चमकवतात. मला ते पाहवत नाही. निळे पट्टे गेले की उष्णतेची नोंद गेली, आणि बाहेरचा नावाचा ठसा पुसट झाला की कारखान्याची ओळख गेली. रॉकेलने मळी काढावी, गंज थांबवावा, बस. लायनरला ग्रीसचा हातही लागू देऊ नये. आणि 1970 च्या दशकापर्यंतच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असणे नित्याचे होते, तेव्हा आतली धूळ कधीही फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्यानेच टिपावी.

खोक्यातला, कधीच न वापरलेला क्लच सर्वांत महाग विकला जातो. त्याचे कौतुक मला समजते, कारण कारखान्याची स्प्रिंग आणि लायनरची मूळ जाडी फक्त तिथेच अस्सल बघायला मिळते, आणि तुलनेसाठी असा एक जवळ असावाच. त्यानंतर मात्र मी वापरलेलेच घेतो, आणि त्यातही ज्याच्या स्प्रिंगा कोणी बदललेल्या नाहीत तो.