संगमरवरावर तुडवलेली द्राक्षं

रोमजवळच्या आप्पियन मार्गावर क्विंटिली बंधूंचा प्रचंड वाडा आहे. सम्राट कोमोडसने दोघा भावांना ठार करून तो बळकावला. तिथे सापडलेल्या मद्यशाळेवर एमलिन डॉड आणि सहकाऱ्यांचा निबंध २०२३ साली 'अँटिक्विटी'त आला. फोटो बहुतेकांनी पाहिले असतील, निबंधही जरूर वाचावा.

रथशर्यतीच्या मैदानाच्या फाटकांवरच ही मद्यशाळा बांधली गेली. द्राक्षं तुडवायची जागा एरवी जलरोधक गिलाव्याची असते, इथे लाल संगमरवर! रस भिंतीतल्या कोनाड्यांतून कारंज्यासारखा पडायचा आणि उघड्या नाल्यांतून जमिनीत पुरलेल्या रांजणांत जायचा. समोर जेवणाची दालनं. ओला संगमरवर किती निसरडा होतो हे आपल्या देवळांत पावसाळ्यात कळतंच. तुडवणाऱ्यांचा विचार करणारा माणूस तो निवडणार नाही, म्हणजे हे काम बघण्यासाठी मांडलेलं होतं, हे लेखकांचं म्हणणं मला पटतं. मार्कस ऑरेलियसनेही एका पत्रात द्राक्षं पिळायच्या घरात बसून जेवल्याचं लिहिलंय.

अडचण पुढे आहे. बादशहा इथे बसून सुगीचा आरंभ करत असावा, असा तर्क होतो. तर्क देखणा आहे, पण संगमरवर पैसा दाखवतो, हजेरी नाही. एका कुंडावर गॉर्डियनचं नाव आहे खरं. त्याने शाळा बांधली की नुसती डागडुजी केली, हे त्यावरून ठरत नाही. निबंधातला 'असावा' बातम्यांपर्यंत पोचता पोचता 'होता' होतो, आणि निसरड्या फरशीवर पाय सांभाळणारी माणसं तेवढी मागे राहतात.

आम्हा बडोदेकरांना हसायला जागा नाही. भरुच बंदरात इटालियन मद्याला पहिली पसंती होती असं 'पेरिप्लस' सांगतो. त्या भरवशावर आतून काळा लेप असलेलं खापर दिसलं की आपण 'रोमन मद्यकुंभ' लिहून मोकळे. रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातली अशी खापरं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच मेसोपोटेमियाकडच्या बिनकानाच्या, डांबर लावलेल्या कुंभांची निघाली. व्यापार खोटा ठरला नाही, पत्ता बदलला. आपल्या जुन्या टिपणांतली अशी खापरं आता कान आहे का, लेप राळेचा की डांबराचा, हे बघूनच पुन्हा नोंदवावीत.