दोन होड्यांचे रसग्रहण

पुस्तकांची परीक्षणे लिहिणारे पुष्कळ आहेत. कॅटलॉगांची लिहिणारा कुणी भेटत नाही. वास्तविक कादंबरी माणूस वाचनालयातून आणून वाचतो आणि कॅटलॉग वाचून कर्ज काढतो. जास्त जपून काय वाचायला हवे, सांगा!

तेव्हा मिनेसोटातल्या पुतण्याने पाँटून होड्यांचे दोन कॅटलॉग पाठवून ‘काका, यातली कुठली घेऊ?’ असे विचारले, तसा मी पेन्सिल घेऊनच बसलो.

पाठीला पत्र्याचा डबा बांधून जे विहिरीत पोहायला शिकले, त्यांना पाँटून म्हणजे काय ते निराळे सांगायला नको. दोन लांबलचक हवाबंद नळकांडी, त्यांवर सपाट तक्तपोशी आणि तक्तपोशीवर चक्क दिवाणखाना. १९५२ साली मिनेसोटातल्याच अँब्रोज वीरेस यांनी लोखंडी पिंपे एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या नि वर फळ्या ठोकल्या. पुढे पिंपांच्या जागी ॲल्युमिनियम आले, गाद्या आल्या, भाव चढला. पण ही होडी डुचमळते कमी. पुतण्याला ती हवी आहे एवढ्याचसाठी. वहिनींचे गुडघे गेलेत. साध्या होडीत पाय टाकणे आता त्यांना जमायचे नाही.

दोन्ही होड्या २२ फुटी. दोन्हींवर कापडी छत. दोन्ही मुखपृष्ठांवर गोरेपान, सुखी कुटुंब. मला तर ते एकच वाटले. पहिला लेखक पेला ठेवायच्या खळग्यांत रमतो. माणसे दहा, खळगे चौदा! उरलेले चार पेले कुणाचे, हे त्याने वाचकाच्या प्रतिभेवर सोडले आहे. दुसरा रंग बदलणाऱ्या दिव्यांवर दीड पान खर्च करतो. शैली दोघांचीही पाल्हाळिक.

खरे कथानक शेवटच्या पानावर, मुंगीच्या टायपात. नळकांड्याचा व्यास! पहिलीचा २३ इंच, दुसरीचा २५. दोन इंच ते काय, म्हणाल. मी कागदावर मांडून पाहिले. २० फुटांचे नळकांडे धरा, निमुळती टोके सोडून द्या, घनफूट पाण्याचे वजन ६२.४ पौंड घ्या. नळकांडी पुरती बुडेपर्यंत पहिली जोडी सुमारे ७२०० पौंड पेलते, दुसरी ८५००. फरक १३०० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ५९० किलो. आठ खातीपिती माणसे त्या दोन इंचांत बसली! आणि गंमत अशी, की जाडजूड कोच आहेत ते पहिलीवर. पाय काडीचे नि अंगावर शालजोडी.

शिवाय नळकांड्याच्या पोटात आडपडदे आहेत, एका खणाला भोक पडले तरी बाकीचे कोरडे राहतील, हे दुसऱ्याने एका ओळीत का होईना, सांगितले आहे. पहिला त्याबाबत मौन पाळतो. साहित्यात मौन सूचक असते म्हणतात. तळ्याच्या मध्यावर ते परवडत नाही. माझे मत दुसरीला पडले.

फोनवर हे सगळे सविस्तर सांगितले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, “भावजी, तिचं दार केवढंय? माझा वॉकर जाईल ना आत?”

दोन्ही कॅटलॉग पुन्हा पालथे घातले. दिव्यांचे रंग मिळाले, गाद्यांचे मिळाले, दाराची रुंदी कुठेच नाही. पुतण्या शनिवारी टेप घेऊन दुकानात जाणार आहे. वहिनी म्हणतात, टेप कशाला, वॉकर घेऊन मीच येते.