जुने गोवे : एक न वाचलेली पोथी

नोव्हेंबर उजाडला की आपल्या धर्मग्रामांच्या सूचनाफलकांवर गोव्याच्या यात्रेची सूचना लागते. 24 नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनास प्रारंभ होतो आणि 3 डिसेंबरला फेस्त असते. दर दहा वर्षांनी संतांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा आला म्हणजे तर या यात्रेस उधाणच येते. गेला सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात पार पडला. त्या सोहळ्याहून परतलेल्या अनेक कुटुंबांशी आमचे बोलणे झाले. रांग किती लांब होती, ऊन किती होते, जेवणाची सोय कशी होती, परतताना खाजे किती घेतले, हे सारे आम्हांस ऐकावयास मिळाले. संतांच्या दर्शनाने डोळे भरून आले, असेही अनेकांनी सांगितले, आणि त्या अश्रूंविषयी आमच्या मनात आदरच आहे. मात्र ज्या नगरात ते दर्शन घडले, त्या नगराविषयी कोणीच काही बोलले नाही. एवढ्या लांब जाऊन आपली माणसे त्या नगराच्या वेशीवरूनच परत येतात की काय, अशी शंका आम्हांस तेव्हापासून छळते आहे.

समीक्षा ग्रंथांची करावी, नगरांची नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु जुने गोवे ही एक पोथीच आहे. तिची पाने दगडाची आहेत, काही फाटलेली आहेत, काही कोणी मुद्दाम पुसलेली आहेत. तिचे वाचन आज दोन प्रकारचे लोक करतात. एक पर्यटक आणि दुसरा यात्रेकरू. पर्यटकाच्या हाती मार्गदर्शिका असते. आमच्या मराठीतील अशा मार्गदर्शिकांचा साचा ठरलेला आहे : वास्तूचे नाव, बांधणीचे साल, उंची, आणि शेवटी ‘अवश्य पाहावे असे स्थळ’ हे शब्द. यात्रेकरूच्या हाती जपमाळ असते. पहिल्याला सर्व काही पाहावयाचे असते, दुसऱ्याला एकच. दोघांचेही वाचन अपुरे राहते, असे आमचे मत आहे. आणि ते का, हे पुढे दाखविण्याचा प्रयत्न आम्ही करणार आहोत.

प्रथम बॉम जीझस बॅसिलिकाच घेऊ. या मंदिराचा पाया 24 नोव्हेंबर 1594 रोजी घातला गेला आणि 15 मे 1605 रोजी त्याचे अभिषेचन झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचान बेटावर देह ठेवला होता. म्हणजे ज्या मंदिराशी त्यांचे नाव आज अभेद्यपणे जोडले गेले आहे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. ते बाळ येशूच्या नावाने उभे राहिले. संतांचा देह 1554 च्या मार्च महिन्यात गोव्यास पोहोचला होता, पण या मंदिरात तो आला 1624 साली, ते संतपदास चढल्यानंतर दोन वर्षांनी. चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी 1637 च्या सुमारास घडविली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोची देणगी. तो फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडविला आणि 1698 साली येथे बसविण्यात आला. सामान्य यात्रेकरू हे सारे एकाच काळातील, एकाच हाताचे काम समजतो. प्रत्यक्षात त्या एका कोपऱ्यात शतकाहून अधिक काळाचे थर आहेत, आणि त्यांत गोव्याच्या कारागिराची हातोडी इटलीच्या शिल्पकाराच्या छिन्नीशेजारी उभी आहे.

आता मंदिराच्या बाहेर यावे. बॉम जीझसचे तांबूस, उघडे, पावसाने खरवडलेले रूप आज साऱ्या जगास ठाऊक आहे. चित्रपत्रांवर तेच, दिनदर्शिकांवर तेच, आणि आता प्रत्येकाच्या फोनमध्येही तेच. पाहणारा म्हणतो, ‘किती पुरातन!’ वस्तुस्थिती अशी की हे रूप जेमतेम सत्तर वर्षांचे आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. कोकणातील कोणताही गवंडी सांगेल की जांभ्याची भिंत पावसात उघडी ठेवू नये. म्हणून या मंदिराच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. हेतू हा की वास्तू अधिक प्राचीन दिसावी. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आजही पांढरे आहे. दोन्ही एकाच वेळी नजरेत घेतली तर बॉम जीझसवरून काय हरपले, ते कोणासही कळेल.

ग्रंथांच्या परंपरेत यास अपपाठ म्हणतात. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण शाळेत शिकलो. बॉम जीझसचा पाया त्यानंतर दहाच वर्षांनी घातला गेला. पोथीच्या बाबतीत नाथांनी जी दक्षता दाखविली, तिच्या नेमके उलट येथे घडले. मूळ पाठ पुसला गेला आणि जे उरले त्यालाच लोक मूळ समजू लागले. 2020 साली बॅसिलिकाच्या रेक्टरांनी छपराच्या व भिंतींच्या स्थितीविषयी जाहीरपणे आवाज उठविला आणि गिलावा पुन्हा करावा की काय यावर वाद झडला. तांबड्या रूपाची सवय झालेल्या अनेकांना ती कल्पनाच रुचली नाही. आमच्या मते हा वाद रंगाचा नाही. देवाचे मंदिर हे उपासनेसाठी टिकवावयाचे की छायाचित्रासाठी झिजू द्यावयाचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

याच मंदिराच्या दर्शनी भागाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. भिंती गोव्याच्या जांभ्याच्या आहेत, पण जांभ्यावर बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून दर्शनी भागावरील खांबांचे व अर्धस्तंभांचे कोरलेले भाग काळ्या बेसॉल्टचे आहेत. आणि तो दगड वसईहून आणला होता, अशी नोंद आहे. वसईहून! आमच्या उत्तर कोकणातील किती बसगाड्या आजवर त्या दारापुढे उभ्या राहिल्या असतील? आम्ही स्वतः पूर्वी दोनदा तेथे जाऊन आलो होतो, त्या खांबांना पाठ लावून विसावलोही होतो; पण आपण आपल्याच किनाऱ्याच्या दगडाला टेकलो आहोत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्यास आपण परक्यांचे वैभव म्हणून पाहतो, त्यात आपल्या भूमीचा आणि आपल्याकडील पाथरवटांच्या घामाचा वाटा आहे, हे ध्यानी आल्यावर त्या मंदिराशी असलेले आपले नातेच बदलते.

ज्या संतांसाठी आपण जातो, त्यांचे गोवे कोठे आहे, हा पुढचा प्रश्न. संत फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले. ते राहिले इस्पितळात, रुग्णांच्या सोबतीने. ते तुरुंगात जात, महारोग्यांकडे जात आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना धर्मशिक्षणास बोलावीत. संतांचे जुने गोवे ते हेच. त्याचे अवशेष शोधू गेल्यास मुख्य चौकापासून थोड्या अंतरावर सेंट पॉल कॉलेजाची एक कमान तेवढी उभी दिसते. मागे काहीच नाही. बहुतेक गाड्या तिच्याजवळ थांबत नाहीत. परंतु भारतातील पहिले मुद्रणयंत्र 1556 साली गोव्यात आले, ते याच कॉलेजात. पुढे 1579 साली फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले, साष्टीत राहिले, आणि 1616 साली रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. मराठी ओव्यांचा तो ग्रंथ रोमन लिपीत निघाला. आपण आज मराठीत प्रार्थना करतो, मराठीत हे त्रैमासिक वाचतो; त्या परंपरेची एक वाट या एकाकी कमानीखालून आलेली आहे. साहित्याची आवड सांगणाऱ्या कुटुंबाने तेथे पाच मिनिटे उभे राहू नये, हे आम्हांस खेदाचे वाटते.

पोथी वाचावयाची तर तिची अप्रिय पानेही वाचली पाहिजेत. मांडवीच्या धक्क्यावरून नगरात शिरताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, ती उभारली गेली. ती पडल्यावर 1954 साली पुन्हा बांधण्यात आली. तिच्या नगराकडील बाजूस तलवार घेतलेली एक स्त्री पायाखाली पडलेल्या एतद्देशीय पुरुषावर उभी आहे. तिच्याखालून जाताना आपण, एतद्देशीय ख्रिस्ती, कोणाच्या बाजूचे? कॅथेड्रलजवळच्या चौकात धर्मन्यायासनाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, वाडा होता. 1560 साली ते न्यायासन गोव्यात आले आणि मधला अल्प खंड वगळता 1812 पर्यंत चालले. आज त्या वाड्याचा दगडही दिसत नाही. मार्गदर्शिका त्याविषयी एकतर गप्प बसतात किंवा अंगावर काटा आणणाऱ्या कथा रंगवितात. यात्रेकरू तर मानच वळवितो. श्रद्धेला सत्याचे भय वाटण्याचे कारण नाही, अशी आमची धारणा आहे. ज्या नगरात एका संताने महारोग्याची सेवा केली, त्याच नगरात धर्माच्या नावाने माणसे भरडली गेली, या दोन्ही गोष्टी आपल्या मुलांनी आपल्याच तोंडून ऐकाव्यात. नाहीतर त्या त्यांना दुसरे कोणीतरी, दुसऱ्याच हेतूने, सांगतील.

शेवटी टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याकडे वळू. सुमारे 46 मीटर उंचीचा हा जांभ्याचा मनोरा छायाचित्रकारांस फार प्रिय आहे. 1602 साली पूर्ण झालेले हे मंदिर 1835 मध्ये संन्याशांचे संघ बंद झाल्यावर ओस पडले, 1842 साली त्याची कमानी छत कोसळली आणि 1931 मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोरा ढासळला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. पर्यटकास हे एक सुंदर भग्नशिल्प वाटते आणि तो पुढे निघतो. पण दूरच्या जॉर्जिया देशातील लोक येथे आले ते वेगळ्या कारणाने. त्यांची राणी केतेवान हिला 1624 साली इराणात शिराज येथे श्रद्धेसाठी हाल करून ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे अवशेष गोव्यास आणून या मठात ठेवले. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्या पेटीची जागा खिडकीच्या खुणेसह लिहिलेली होती. त्या खुणेच्या आधारे पुरातत्त्वज्ञ अनेक वर्षे शोध घेत राहिले. 2005 च्या सुमारास हाती आलेले अस्थिखंड राणीचे असावे, यास 2013 साली हैदराबाद येथील जनुकीय तपासणीने पुष्टी दिली, आणि 2021 च्या जुलैमध्ये भारताने त्याचा अंश जॉर्जियास अर्पण केला. ज्यांचे त्या पोथीशी नाते होते त्यांनी ती ओळीओळीने वाचली, म्हणून त्यांना तीत आपली राणी सापडली. आपलेही नाते आहे. पण आपण काय शोधतो आहोत?

एक आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे. वर्षभर राबून, पैसा पैसा साठवून, आजारी लेकरासाठी नवस घेऊन जी माता त्या रांगेत उभी राहते, तिला अर्धस्तंभ आणि अपपाठ यांचे काय? आक्षेप खरा आहे. तिने पेटीपुढे डोळे मिटून जे मागितले, त्यापुढे आमची ही सारी समीक्षा थिटी आहे, आणि तिला कोणी इतिहासाची परीक्षा घेऊ नये. आमचे म्हणणे तिच्यासाठी नाही. तिला बसने नेणाऱ्या, रात्री मुक्कामाची सोय लावणाऱ्या, दुसरा संपूर्ण दिवस समुद्रकिनाऱ्यास देणाऱ्या आम्हां शिकलेल्या मंडळींसाठी ते आहे. किनाऱ्यास आमचा विरोध नाही. त्या दिवसातील दोन तास मात्र नगरास द्यावेत.

हंगामाविषयीही थोडे सांगावयास हवे. सोहळ्याच्या दिवसांत तंबू, कठडे आणि माणसे यांच्या आड नगर झाकलेले असते. तेव्हा वाचन होणे कठीणच. पावसाळा ओसरल्यावर, नोव्हेना सुरू होण्यापूर्वी जो निवांत काळ मिळतो, त्यात एखाद्या कुटुंबाने जाऊन पाहावे. तेव्हा जांभ्यावर शेवाळ हिरवे असते आणि उघड्या भिंतीने त्या पावसात काय सोसले, ते सांगावयास कोणाची गरज राहत नाही.

आमची सूचना साधी आहे. यात्रेची बस सुटण्यापूर्वी एका रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात तासभर बसावे. एखाद्या शिक्षकाने नगराचा नकाशा फळ्यावर काढावा : येथे धक्का, येथे कमान, येथे न्यायासनाचा चौक, येथे छापखाना, येथे राणीची खिडकी. मुलांना प्रत्येकी एक स्थळ वाटून द्यावे आणि तेथे पोहोचल्यावर त्या मुलानेच ते सर्वांना सांगावे. आणि बॉम जीझसच्या दाराशी रांग थबकेल तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी लहानग्याचा हात धरून त्या काळ्या खांबावर ठेवावा आणि म्हणावे, ‘बाळा, हा दगड आपल्याकडचा.’