पश्चात्तापाची कसोटी : महाड-पाचाड परिसराच्या संदर्भात ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन

प्रस्तावना

मराठीत ‘प्रायश्चित्त’ आणि ‘पश्चात्ताप’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. वस्तुतः प्रायश्चित्त हा विधी आहे. तो विहित रीतीने पूर्ण होतो आणि करणाऱ्यास त्याचा अधिकार मिळवून देतो. ख्रिस्ती विचारातील पश्चात्तापाला अशी समाप्ती नाही. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मनाचे पालटणे असा असून त्याची खूण आचरणात दिसावी, अशी अपेक्षा आहे. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो. पश्चात्ताप हा अशा रीतीने देण्याघेण्याचा, म्हणूनच राजकारणाचाही विषय ठरतो. या कसोटीवर लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) या आत्मचरित्राचे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाचाड आणि महाड : दोन संदर्भ

महाडहून रायगडाकडे जाताना पायथ्याशी पाचाड लागते. जिजाबाईंचा वाडा, त्यातील विहीर आणि त्यांची समाधी येथे आहे. मे १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाच्या बोलणीसाठी येथे येऊन थांबला होता. त्याच सुमारास गडावर राज्याभिषेकाची तयारी चालू होती. अभिषेकापूर्वी महाराजांचे प्रायश्चित्त व मौंजीबंधन करण्यात आले. व्रतबंधाचा लोप झाला होता, तो भरून काढल्याखेरीज अभिषेकाचा अधिकार शास्त्राच्या दृष्टीने सिद्ध होत नव्हता. येथे प्रायश्चित्त ही राजसत्तेची पूर्वअट होती. ऑक्झिंडेन हा ख्रिस्ती साक्षीदार खरा. पण व्यापाराच्या सवलती हा त्याच्या येण्याचा हेतू होता. या विधींशी त्याच्या श्रद्धेचा संवाद झाला नाही.

दुसरा संदर्भ महाडचा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. ज्यांनी शतकानुशतके पाणी अडवले त्यांना आपल्या मनाच्या शुद्धीची गरज भासली नाही. शुद्धी झाली ती पाण्याची. पश्चात्तापाच्या जागी शुद्धिविधी येतो तेव्हा दोष अन्याय सोसणाऱ्याच्या माथी कसा मारला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

‘स्मृतिचित्रे’तील पाणी आणि सोवळे

‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभच सोवळ्याने होतो. १८५७ च्या उठावानंतर घराण्यातील एका आप्ताला फाशी झाली. या आघाताने लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या अतिरेकाकडे वळले आणि घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचे त्यांना वेडच लागले. राजकीय हिंसेची भीती घरातल्या पाण्याच्या भांड्यात कशी उतरते, हे लेखिकेने कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी स्वयंपाक आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. जातिभेद देवाने केलेला नाही, हा त्यांचा निर्णय स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या अगोदर झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये मनःपरिवर्तन युक्तिवादाच्या वाटेने येते आणि पात्रे बहुधा लेखकाचा विचार बोलतात. लक्ष्मीबाईंच्या लेखनात ते कुणाच्या हातचे खावे, कुणाचा पाण्याचा तांब्या घ्यावा या रोजच्या प्रश्नांतून घडते. स्वतःच्या सोवळ्यावर हसण्याची त्यांची वृत्ती त्यांच्या विनोदाचे मर्म मानली जाते. परंतु हा विनोद पश्चात्तापाचेच एक रूप आहे. पूर्वीच्या स्वतःला तो धिक्कारीत नाही आणि सोडूनही देत नाही.

मर्यादा

तथापि या पश्चात्तापाची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. कथा सांगणारी व्यक्ती सोवळे सोडणारी आहे. ज्यांचा स्पर्श टाळला गेला, त्यांनी हा काळ कसा भोगला हे पुस्तकात फारसे येत नाही. पश्चात्तापाचे लेखन बहुधा पश्चात्ताप करणाऱ्याभोवतीच फिरते. दुष्काळ-प्लेगच्या दिवसांत टिळकांच्या घराने पोरक्या मुलांना आसरा दिला. जक्कयाच्या कसोटीचा काही भाग तेथे पूर्ण होतो. परंतु घराबाहेरच्या पाणवठ्याचा प्रश्न शिल्लक राहतो.

महाडचा अनुभव येथे बोलका आहे. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. दहा वर्षांचा हा लढा सांगतो की, एकेकाच्या मनाचे पालटणे तळे खुले करण्यास पुरेसे नसते. मात्र २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतिदहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने मांडला, हेही विसरता येत नाही. त्या दिवशी नाताळ होता, हा केवळ योगायोग; पण पालटलेले मन सार्वजनिक कृतीत उतरल्याचे ते उदाहरण आहे.

समारोप

‘स्मृतिचित्रे’ हे धर्मांतराचे पुस्तक म्हणून किंवा पतिपत्नीच्या सहजीवनाचे पुस्तक म्हणून शिकवले जाते. ते पाण्याचे पुस्तक म्हणूनही वाचावे. मार्च १९२७ नंतर सात वर्षांनी ते वाचकांच्या हाती येऊ लागले, हे ध्यानात घेतल्यास त्यातील पाण्याच्या तांब्याला वेगळा अर्थ प्राप्त होतो. रोजच्या जीवनातील पश्चात्ताप कोठे सुरू होतो, हे लक्ष्मीबाई दाखवतात. तो कोठवर पोहोचला पाहिजे, हे महाड सांगते. पश्चात्ताप करणाऱ्यास शांती लाभली की नाही, ही त्याची अखेरची कसोटी नव्हे. ज्याचे पाणी अडवले होते त्याला ते मिळाले की नाही, हीच ती कसोटी होय.