पीएच.डी. झाली, पुढे?

अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला सर्वाधिक सरकारी पैसा पुरविते ती राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच. तिच्या छत्राखाली सत्तावीस संस्था व केंद्रे आहेत; त्यांपैकी एक मानवी जीनोमच्या अभ्यासाला वाहिलेली आहे. जीनोम म्हणजे सजीवाच्या पेशीतील संपूर्ण डीएनए. माणसाच्या बाबतीत सुमारे तीनशे कोटी अक्षरजोड्यांचा हा मजकूर वाचण्याचा प्रकल्प १९९० ते २००३ या काळात पार पडला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. जानेवारी २०२१ मध्ये या जीनोम संस्थेने एक आराखडा प्रसिद्ध केला. २०३० पर्यंत जीनोमशास्त्रात काम करणारा वर्ग अमेरिकेच्या लोकसंख्येसारखाच विविध असावा, असे त्याचे उद्दिष्ट होते. पीएच.डी.च्या अखेरच्या टप्प्यावरील विद्यार्थ्यांना डॉक्टरेटोत्तर संशोधनात नेणारे अनुदान हा त्यातील एक मार्ग. या अनुदानाची कल्पना आम्हाला चांगली वाटते. तिच्या समर्थनार्थ जे सांगितले गेले ते मात्र अर्धेच पटते, आणि तिच्या रचनेत काही दोष होते असेही वाटते.

आधी योजना काय होती ते पाहू. सरकारी भाषेत तिला एफ-९९/के-०० म्हणतात. एनआयएचच्या कर्करोग संस्थेने हा प्रकार २०१६ च्या सुमारास सुरू केला, पुढे मेंदू व मज्जासंस्थेच्या संस्थेने आणि नंतर जीनोम संस्थेने तो उचलला. एकाच अर्जात दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात प्रबंध पुरा होईपर्यंतचे विद्यावेतन मिळते. दुसऱ्या टप्प्यात विद्यार्थी पीएच.डी. मिळवून दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला की अनुदान त्याच्यामागोमाग तिथे जाते. यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. एरवी पीएच.डी. झालेला तरुण संशोधक एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाच्या पैशावर काम करतो. साहजिकच काय शोधायचे ते प्राध्यापक ठरवितो. इथे तरुणाच्या खिशात स्वतःचे पैसे असतात, त्यामुळे कोणाकडे जायचे आणि कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे ठरविण्यात त्याचा शब्द चालतो. शिवाय कामाच्या वेळेपैकी किमान पाऊण वेळ संशोधनाला मिळालाच पाहिजे, अशी अटही असते.

नेमका हाच टप्पा का निवडला? याचे उत्तर २०१६ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात आलेल्या, केनेथ गिब्ज आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सापडते. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी अशा ज्या समाजांतून शास्त्रज्ञ कमी येतात, त्यांतून जैववैद्यकात पीएच.डी. होणाऱ्यांची संख्या १९८० ते २०१३ या काळात ९.३ पट झाली. इतर समाजांची वाढ याच काळात २.६ पट होती. म्हणजे विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांच्या मूलभूत विज्ञान विभागांत सहायक प्राध्यापक म्हणून या समाजांतील किती जण घेतले जातात, याचा उमेदवारांच्या या वाढीशी मेळच लागेना. नळ मोठा केला तरी बादली भरत नाही असे दिसले, तर गळती मध्ये कुठे आहे ते पाहावे लागते. या संशोधकांनी संगणकावर प्रतिमान मांडून पाहिले, तेव्हा पीएच.डी.धारकांची संख्या भराभर वाढवीत नेली तरी २०८० पर्यंत प्राध्यापकवर्गात फारसा फरक पडत नव्हता. डॉक्टरेटोत्तर टप्प्यावरून अधिक लोक पुढे अर्ज करू लागले आणि त्यांना घेतले गेले, तरच चित्र पालटत होते. शाळेतील पटसंख्या आणि प्रत्यक्ष शिकून बाहेर पडणारी मुले यांतला फरक शिक्षकांना वेगळा समजावून सांगायला नको.

येथवर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो समर्थनाच्या दुसऱ्या धाग्याला. जीनोमशास्त्रातील माहिती एकांगी आहे, म्हणून संशोधक विविध हवेत, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग निर्विवाद खरा आहे. ॲलिस पोपेजॉय आणि स्टेफनी फुलर्टन यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा हिशोब मांडला, पोपेजॉय तेव्हा स्वतः पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. जीनोममधील फरक आणि रोग यांची सांगड घालणाऱ्या पाहण्यांत भाग घेतलेल्यांपैकी २००९ मध्ये ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांच्या आसपास आले. सुधारणा दिसते खरी, पण तिचा बहुतेक वाटा आशियात झालेल्या पाहण्यांचा होता. आफ्रिकी, लॅटिन अमेरिकी आणि मूळनिवासी वंशाचे लोक मिळून चार टक्केही नव्हते.

याचा परिणाम काय होतो, याचे एक उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे; तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागे कित्येकदा तोच असतो. रुग्णांत सापडलेला जनुकातील एखादा फरक निरोगी लोकांत आढळला नाही, की तो रोगकारक असावा असे मानण्याची पद्धत आहे. पण तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक जवळजवळ सगळे गोरे असतील तर? अर्जुन मनराई आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की रोगकारक म्हणून नोंदलेले काही फरक कृष्णवर्णीय अमेरिकनांत इतके सर्रास आढळतात, की ते खरोखर रोगकारक असते तर तो रोग त्या समाजात घरोघरी दिसला असता. मधल्या काळात कृष्णवर्णीय रुग्णांना ‘तुमच्यात दोष आहे’ असे चुकीचे अहवाल मिळाले होते. सुरुवातीच्या तुलनेत थोडे जरी कृष्णवर्णीय लोक असते, तरी ही चूक बहुधा टळली असती. नमुना कसा निवडावा, हा धडा गणिताच्या तासालाही चालेल.

पण मग दुसरे उदाहरण घ्या. अमेरिकेतील डॅलस शहरात हृदयरोगाची एक मोठी पाहणी झाली. तीत मुद्दाम निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय लोक घेतले होते. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना २००५ मध्ये त्यांतल्या सुमारे दोन टक्के लोकांत पीसीएसके-९ हे जनुक बंद पडलेले आढळले. या लोकांच्या रक्तात घातक कोलेस्टेरॉल कमी होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका समूहाचा अभ्यास झाला, त्यात असे जनुक बंद असलेल्या कृष्णवर्णीयांत हृदयरोगाचा धोका ८८ टक्क्यांनी कमी निघाला. त्यावरून तयार झालेल्या औषधांना २०१५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि ती आज सर्व वंशांच्या रुग्णांना दिली जातात. हे साधले ते नमुना विचारपूर्वक निवडल्यामुळे. संशोधक कोणत्या समाजाचा, हा प्रश्न त्यात आलाच नाही. तेव्हा ‘माहिती विविध हवी’ यावरून ‘संशोधक विविध हवेत’ हे आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय या युक्तिवादाला एक बोचरी बाजू आहे. कृष्णवर्णीय मुलीने जीनोमशास्त्रात यावे ते आपल्या समाजाचे नमुने गोळा करायला, आणि गोऱ्या मुलाने मात्र यीस्ट, माशी किंवा संगणकातील सूत्रे यांपैकी वाटेल ते करावे, अशी अपेक्षा त्यातून नकळत तयार होते. तिला यीस्टवर काम करायचे असेल तर? आमच्या मते तिला ती संधी मिळणे हाच न्याय आहे, आणि त्यासाठी वेगळ्या उपयुक्ततेचा दाखला मागण्याचे कारण नाही.

एक मात्र खरे, की प्रश्न कोण विचारतो याने फरक पडतो. ॲरिझोनातील हावासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि जमातीचे मूळ स्थलांतर अशा विषयांसाठी वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन ते मिटविले. शेजारच्या नावाहो राष्ट्राने २००२ मध्येच आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनाला स्थगिती दिली होती. या अविश्वासाला अधिछात्रवृत्तीने उत्तर देता येत नाही. याउलट २०११ पासून इलिनॉय विद्यापीठातून सुरू झालेला ‘सिंग’ हा उन्हाळी उपक्रम पाहा. त्यात मूळनिवासी तरुणांना डीएनए वाचण्याचे तंत्र शिकवितात, आणि त्याच वेळी नमुने कोणाचे, परवानगी कोणी द्यायची, निष्कर्ष कोणाला आधी सांगायचे याचीही चर्चा होते. खर्च तुलनेने किरकोळ, पण विचार अधिक खोल, असे आमचे मत आहे.

आता रचनेतील दोषाकडे येऊ. एनआयएचच्या अधिछात्रवृत्तीचे अर्ज तपासताना उमेदवाराबरोबर त्याचा मार्गदर्शक आणि त्याची संस्था यांनाही गुण देण्याची जुनी पद्धत होती. मार्गदर्शक नामवंत, विद्यापीठ श्रीमंत, तर अर्ज वजनदार. ज्याला दाराबाहेर ठेवले गेले त्याच्यासाठी योजना काढायची, आणि तो कोणत्या दारातून आला यावर त्याला जोखायचे, असा हा प्रकार. एनआयएचने स्वतःच हे अखेर मान्य करून जानेवारी २०२५ पासून तपासणीचे निकष बदलले. आणखी एक गोष्ट अशी, की विषयांची पसंतीही निकालात डोकावते. ट्रॅव्हिस हॉपी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले, की कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांच्या अर्जांना अनुदान कमी मिळते यातील वीस टक्क्यांहून अधिक फरक विषयाच्या निवडीमुळे पडतो. समाजाच्या आरोग्याचे, वर्तनाचे प्रश्न ते अधिक निवडतात आणि अशा विषयांना मुळात पैसा कमी मिळतो. पूल ओलांडून आलेल्या तरुणाला पलीकडे हीच तराजू भेटणार असेल, तर पुलाचे कौतुक किती करायचे?

पात्रतेची व्याख्या मात्र दिसते त्याहून समंजस होती. वंशाखेरीज अपंगत्व आणि गरिबी यांचाही तीत विचार होता. लहानपणी बेघर असणे, परक्या कुटुंबात वाढणे, आईवडिलांपैकी कोणीच पदवीधर नसणे, दोन किंवा अधिक वर्षे शाळेत मोफत जेवण मिळालेले असणे, ग्रामीण भागात वाढणे अशा काही खुणा दिल्या होत्या आणि त्यांपैकी दोन लागू पडल्या की पुरे. शाळेतील दुपारच्या जेवणाची नोंद पंधरा वर्षांनी शास्त्रज्ञाच्या अर्जात कामी यावी, हे आम्हाला फार आवडले. चर्चेत मात्र केवळ वंशाचाच उल्लेख होत राहिला. आशियाई वंशाचे लोक वंशाच्या निकषावर या व्याख्येत येत नव्हते, कारण तेथील प्रयोगशाळांत त्यांची संख्या कमी नाही.

आणि इथे आपल्याशी थेट संबंध येतो. अमेरिकेतील डॉक्टरेटोत्तर संशोधकांपैकी निम्म्याहून अधिक तात्पुरत्या व्हिसावर असतात. त्यांत भारतीय पुष्कळ, मराठी मुलेमुलीही आहेत. एनआयएचच्या अधिछात्रवृत्तीत नवख्या पीएच.डी.धारकाला २०२४ मध्ये वर्षाला ६१,००८ डॉलर मिळत. रुपयांत हा आकडा डोळे दिपवितो, पण बॉस्टन किंवा सिॲटलचे घरभाडे देऊन पाहावे. एनआयएचच्याच सल्लागार गटाने डिसेंबर २०२३ मध्ये किमान ७०,००० डॉलरची शिफारस केली होती. परदेशातून येणारे तरुण एवढ्यावर राबायला तयार असतात, कारण व्हिसा मार्गदर्शकाच्या सहीवर टिकलेला असतो. ज्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या डोक्यावर शिक्षणकर्ज आहे आणि घरी पाठवायचे पैसेही आहेत, तो औषध कंपनीत जातो. त्याला दोष कसा द्यावा? गळतीचे हे कारण वंशाच्या खात्यात टाकता येत नाही, आणि ही योजना निवडक लोकांपुरती असल्याने त्याला हातही लावत नव्हती.

२०२५ च्या जानेवारीत नव्या अध्यक्षांनी विविधतेसाठीचे सरकारी कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. त्यापाठोपाठ एनआयएचने अशा योजनांच्या सूचना मागे घेतल्या आणि कित्येक चालू अनुदानेही मध्येच तोडली. जूनमध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी अनुदाने तोडणे बेकायदा ठरविले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, पैशाचा दावा दुसऱ्या न्यायालयात न्यावा असे सांगून त्या आदेशाचा तो भाग रोखला. या सगळ्या वादात योजनेच्या गुणदोषांची तपासणी झालीच नाही. पहिल्या तुकड्यांतील किती जण पुढे स्वतःच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले हे कळायला आठदहा वर्षे लागतात, आणि योजनेला तेवढे आयुष्य मिळाले नाही. ज्यांनी दुसऱ्या टप्प्याच्या भरवशावर प्रयोगशाळा निवडली, गाव बदलले, घर भाड्याने घेतले, ते आता पुन्हा प्राध्यापकांच्या प्रकल्पांत जागा आहे का याची चौकशी करीत आहेत.