कुंडिनपूरच्या मुदपाकखान्यात

मागच्या हिवाळ्यात कौंडण्यपूरहून अमरावतीकडे परतताना रस्त्यालगतच्या एका बार-रेस्टॉरंटमध्ये आम्ही जेवायला थांबलो. हंडीतल्या मटणाचा वास बाहेर गाडीपर्यंत येत होता. पोऱ्याने विचारले, "भाऊ, अंदर बसता का बाहीर?" अंदर म्हणजे पडदे लावलेले कप्पे. आम्ही बाहेर बसलो. सोबतचे स्नेही निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "रुक्मिणीच्या माहेरातून निघून तास नाही झाला. आज तरी वरण-पोळी खा." मी मटण मागवले. पुढचा अर्धा तास ते आपल्या ताटाकडेच बघत जेवले.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे. मी संस्कृतचा पदवीधर नाही. कोश, भाषांतर आणि मूळ श्लोक शेजारी शेजारी ठेवून अडखळत वाचणारा माणूस आहे. पण अडखळत वाचणाऱ्याला कधी कधी वाटेवरचा दगड दिसतो, धावणाऱ्याला दिसत नाही.

वाङ्मयात कुंडिनपूरच्या तीन मुली प्रसिद्ध आहेत : दमयंती, इंदुमती आणि रुक्मिणी. भक्तीच्या वाटेने तिसरी इतकी मोठी झाली की पहिल्या दोघी मागे पडल्या. गंमत अशी की रुक्मिणीच्या लग्नाची पंगत कुंडिनपुरात बसलीच नाही. शिशुपालाकडचे वऱ्हाड आलेले होते, तयारी झालेली होती, आणि नवरी अंबिकेच्या देवळातून रथात बसून निघून गेली. म्हणजे कुंडिनपूरच्या जेवणाविषयी काही विचारायचे तर ते दमयंतीला विचारले पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वातले नलोपाख्यान आपण स्वयंवर, हंस, द्यूत आणि अरण्यातला त्याग एवढ्यावरच आठवतो. शेवटाकडचा स्वयंपाकघरातला प्रसंग क्वचित कोणी सांगतो. नल विद्रूप होऊन बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे नोकरीला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची हूल ऐकून ऋतुपर्ण कुंडिनपुरात येतो, सारथी बाहुक बरोबर. पाहुण्या राजाच्या भोजनासाठी दमयंतीचे वडील भीम जे पाठवतात त्यात भरपूर मांस आहे. ते रांधतो बाहुक. दमयंतीला संशय आलेला आहे. ती केशिनी या दासीला पाळतीवर ठेवते. केशिनी येऊन सांगते की त्याने नुसते पाहिले तरी रिकामे घडे पाण्याने भरतात, मूठभर गवत हातात धरले तरी ते पेट घेते. एवढ्या चमत्कारांनंतर दुसऱ्या एखाद्या कवीने गोष्ट संपवली असती. दमयंतीला ते पुरत नाही. ती केशिनीला पुन्हा पाठवते : त्याने शिजवलेल्या मांसातला थोडा भाग गुपचूप घेऊन ये. केशिनी गरम गरम तुकडा आणते. दमयंती तो तोंडात घालते आणि तिला रडू फुटते. हा हात तिने पूर्वी अनेकदा चाखलेला आहे.

रूप बदलले, नाव बदलले, चमत्कारही दुसऱ्या कुणाला जमले असते. चव मात्र बदलता येत नाही. ओळख पटवण्याचे इतके घरगुती दृश्य मला इतरत्र क्वचितच भेटले. शाकुंतलातली अंगठी यापुढे मला दागिन्यांच्या दुकानातली वाटते. (हे विधान अतिशयोक्त आहे हे मला कळते, तरी ते मी मागे घेत नाही.) आणि ही ओळख पटते ती मांसाच्या तुकड्यावर, कुंडिनपुरात. आज उत्तम स्वयंपाकाला आपण नलपाक म्हणतो, सोवळ्यातल्या पुरणालाही म्हणतो. त्या शब्दामागचा हा तुकडा तेवढा गळून पडला.

दुसरी पंगत श्रीहर्षाची. कनौजच्या गाहडवाल दरबारातला बाराव्या शतकातला हा कवी पट्टीचा वेदान्ती, 'खंडनखंडखाद्य' लिहिणारा. त्याच्या 'नैषधीयचरिता'च्या १६व्या सर्गात नल-दमयंतीच्या लग्नाचे जेवण आहे. मासा, हरीण, बोकड आणि पक्षी यांच्या मांसाचे मऊ, रुचकर, सुवासिक रस्से इतके, की खाणे राहू द्या, लोकांना ते मोजताही येईनात. तिथे खाण्यासाठी जो धातू तो वापरतो तो 'जेम्', म्हणजे आपल्याच 'जेवणे'चे मूळ. मोहरी घातलेल्या दह्याचा झणका मस्तकात जाऊन वऱ्हाडी डोकी खाजवतात. तोही आपल्या ओळखीचाच. आणि मग त्याचा आवडता विनोद : आचाऱ्यांनी असे कौशल्य केले आहे की मांस खाताना पाहुण्यांना ते मांस वाटत नाही, आणि जे मांस नाही ते मांस वाटते. सगळे फसतात, आणि कोणी चिडत नाही.

मराठी वाचकाला श्रीहर्षाचा हंस ठाऊक आहे, कारण रघुनाथ पंडिताने तो आपल्याकडे आणला. नलाने पकडलेला तो हंस म्हाताऱ्या आईचे आणि बाळंतीण हंसीचे नाव घेऊन प्राणांची भीक मागतो, आणि आपले डोळे पाणावतात. पहिल्या सर्गात पक्ष्याला सोडून देणारा कवी सोळाव्यात पक्ष्यांचा रस्सा वाढतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. मला ती दिसते, पण हा दोष मी त्याच्या पदरात घालणार नाही. जो हंस बोलला तो पात्र झाला. जे पक्षी बोलले नाहीत ते पदार्थ झाले. जेवणाऱ्या सगळ्यांचे असेच असते.

काव्य म्हणून मात्र व्यासांचा प्रसंग मला कितीतरी वरचढ वाटतो. व्यासांकडे चव खरे सांगते, श्रीहर्षाकडे चव फसवते. त्याचे काव्य २२ सर्गांत लग्नानंतरच्या सुखापर्यंत येऊन थांबते, वियोगापर्यंत जातच नाही, म्हणून बाहुकाची चूल त्याच्या वाट्याला आली नाही. वाढणाऱ्या स्त्रिया आणि वऱ्हाडातले तरुण यांच्या चावटपणात त्याने श्लोकामागून श्लोक घालवले आहेत, ते कंटाळवाणे होतात. रांधणाऱ्याला कौशल्याचे प्रशस्तिपत्र मिळते, चेहरा मिळत नाही.

इथे एक कबुली दिली पाहिजे. श्रीहर्षाच्या सर्गावरून वऱ्हाडात काय शिजत होते हे सिद्ध होत नाही. ते कनौजचे ताट आहे, कुंडिनपूरच्या नावाने मांडलेले. आपले कौंडण्यपूर हेच पुराणातले कुंडिनपूर, यावरही सगळ्यांचे एकमत नाही. इथे १९६१ ते १९६४ या काळात मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केले, वस्ती प्राचीन आहे हे ठरले. पण आसामात सदियाच्या बाजूचे लोकही भीष्मकाची राजधानी आपल्याकडेच होती असे सांगतात. 'नैषधीयचरिता'चे १९३४ साली इंग्रजी भाषांतर करणारे कृष्णकांत हंडिकी आसामचेच, हा योगायोग. माझा मुद्दा लहान आहे : कुंडिनपूरच्या नावाशी मांस जोडताना व्यासांना किंवा एका वेदान्ती कवीला अवघडल्यासारखे झाले नाही. ते अवघडलेपण नंतरचे आहे.

मद्याचेही तसेच. 'रघुवंशा'त अजाबरोबर तीन मुक्काम जाऊन परतणाऱ्या इंदुमतीच्या भावाला कालिदास कुंडिनाचा स्वामी म्हणतो. पुढे आठव्या सर्गात इंदुमती अचानक मरते आणि अज विलाप करतो : माझ्या मुखातून मद्य प्यायलेली तू, आता आसवांनी गढुळलेले तिलांजलीचे पाणी कशी पिशील? विदर्भकन्येच्या मृत्यूवरचा हा सगळ्यांत हळवा श्लोक, आणि त्याच्या मध्यभागी मद्याचा घोट. आज कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की अलीकडे परवाना असलेला अमरावती जिल्हा आणि नदीपलीकडे गांधी-विनोबांच्या नावाने दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा. इंदुमतीचा श्लोक कोणत्या काठावर म्हणायचा?

पुण्यात भाच्याने मला एका ब्रुअरीत नेले होते. महाराष्ट्रात हा प्रकार तसा नवा. पुण्यात डुलाली सुरू झाली ती २००९ साली. तिथे बिअरच्या टाक्या काचेआड ठेवतात, गिऱ्हाइकाला दिसाव्यात म्हणून. आमच्याकडे गिऱ्हाईकच पडद्याआड बसते. भाच्याने स्टेक मागवला. वेटरने वाकून हलक्या आवाजात सांगितले, "सर, बफ आहे." म्हणजे म्हशीचे. १९९५ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने २०१५ साली कायदा झाली आणि गायीबरोबर बैल-वळूंची कत्तलही बंद झाली. परराज्यातून आलेले गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी २०१६ साली उच्च न्यायालयाने रद्द केली. एवढा इतिहास त्या वेटरच्या हलक्या आवाजात होता. हे मांस की ते, हा श्रीहर्षाच्या पंगतीतला विनोद होता. आता तोच प्रश्न नमुन्याच्या पुडीत बांधून प्रयोगशाळेकडे जातो. स्टेक, खरे सांगायचे तर, मला वातड लागला.

माझी आई माळकरी होती. कौंडण्यपूरच्या पालखीची परंपरा १५९४पासूनची सांगतात. आई त्या पालखीच्या दर्शनाला दरवर्षी जायची. घरात माळ आली त्या वर्षी मटणाची हंडी अंगणात गेली, तीन दगडांच्या चुलीवर. वडिलांनी खाणे सोडले नाही आणि आईने रांधणे सोडले नाही. पळी, परात सगळे वेगळे, गोठ्यात टांगलेले. ती चव घेत नसे. मीठ पुरले का हे वाफेवर नाक धरून ठरवायची, आणि तर्री वर आली की हंडी उतरवून आंघोळीला जायची. एकदा ती माहेरी असताना काकूने तोच मसाला घालून मटण केले. वडिलांनी पहिला घास घेतला, ताट जरा बाजूला सरकवले आणि विचारले, "ती कधी येते?"